डबीचे दात कुठे गेले

गांजा चुरायची माझी एक डबी होती. हिरवी, प्लास्टिकची, मुठीत मावेल एवढी. दोन झाकणं, आतून दातेरी. मध्ये गांजा घालायचा, दोन-चार पीळ द्यायचे, की भुगा तयार. कित्येक वर्षं बिनतक्रार चालली. एका संध्याकाळी ती नुसतीच गरगर फिरायला लागली, काही चुरेना, म्हणून चष्मा लावून आत बघितलं. अर्धेअधिक दात गायब. तुटलेले नव्हते, झिजले होते. वापरलेल्या साबणासारखे गुळगुळीत.

"ह्याचे दात कुठे गेले रे?" मी रंगाऱ्याला विचारलं.

"म्हातारी झाली बिचारी," तो म्हणाला. "माझे कुठे गेले? तसेच."

"तुझे डॉक्टरने उपटले. हे कुणी उपटले?"

तो हसला आणि हात पुढे केला, म्हणजे वळ लवकर. पण माझ्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. प्लास्टिक काही हवेत विरघळत नाही. दात झिजले म्हणजे त्यांचा भुगा झाला. भुगा झाला म्हणजे तो गांजात मिसळला. गांजा आम्ही जाळला आणि ओढला. म्हणजे ते सगळे दात आमच्या छातीत. इतका सरळ हिशोब, आणि इतकी वर्षं सुचला नाही! काखेत कळसा म्हणतात तो हाच.

मी सोफे दुरुस्त करतो. फाटलेले, बसलेले, मांजरांनी ओरबाडलेले. पुढे दुकान, मागे एक खोली, तिच्या मागे पत्र्याखालची थोडी मोकळी जागा. मी राहतो तिथेच. बायको नाही; केलीच नाही, वेळ गेली तशी गेली. धाकटा भाऊ आहे, तो लांब असतो, सणावारी फोन करतो. बाकी दिवसभर गिऱ्हाईक येतं, सोफा टाकून जातं, सोफा घेऊन जातं. माणसं बसतात ती त्यांच्या घरी, माझ्या सोफ्यावर. माझ्याकडे कुणी बसत नाही.

बसायचा तो एकटा रंगारी. भिंती रंगवतो, दारं-खिडक्या रंगवतो. त्याची बायको वारली त्यानंतर थोड्या दिवसांनी तो माझ्या दुकानाची फळकुटं रंगवायला आला होता. तोंड पाडून काम करत होता. संध्याकाळी मी आपला नेहमीसारखा मागे बसलो, एक वळली, दोन झुरके मारले आणि माणुसकी म्हणून त्याच्यापुढे धरली. त्याने घेतली. दुसऱ्या दिवशी काम संपलं होतं, तरी आला. मग येतच राहिला. काम आटोपलं की मागच्या दाराने यायचा, "गादीपंडित, आहात का?" म्हणायचा. मी कुठे जाणार? आहेच.

आम्ही फार बोलायचो असंही नाही. विडी त्याच्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून त्याच्याकडे. मध्येच तो सांगायचा की अमक्या घरात बाईने भिंतीला असा रंग सांगितलाय की आजारी माणसाला ओकारी यावी. मी सांगायचो की एका सोफ्यातून आज कात्री, कंगवा आणि कुणाचा तरी नवसाचा दोरा निघाला. मग तो उठायचा, पॅन्ट झटकायचा, जायचा. एवढंच. पण त्या एवढ्यावर माझा दिवस उभा होता, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

तर डबी. ती मी फेकली. स्टीलची आणली. मग वाटलं, डबीचं ठीक आहे, पण गांजा येतो तो पिशवीतून, पिशवी प्लास्टिकची. घासलं गेलंच असणार. काचेची बरणी आणली. मग मोबाईलवर शोधत बसलो, आणि एकदा का माणूस त्यात पडला की संपलं. एक बघितलं की खाली दुसरं हजर. पाण्यात प्लास्टिक, मिठात प्लास्टिक, हवेत प्लास्टिक. कुणी काय तर कुणी काय, खरं किती आणि खोटं किती देव जाणे, पण माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्यात मला खोकला. सकाळी उठलो की खोकून खोकून डोळ्यांत पाणी. आधी म्हणायचो, वय झालं. आता म्हणायला लागलो, दात.

विडीच्या टोकाला लावायची ती फिल्टरची पांढरी गुंडाळी बंद केली. कागद बदलला. प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, उन्हाने त्यांची साल निघत होती, त्या काढून लोखंडी ठेवल्या. लायटर बंद, काडेपेटी चालू. रंगारी सगळं बघत होता आणि मजा घेत होता.

"पंडित, माझी कवळी काढून ठेवू का बाहेर? ती पण प्लास्टिकचीच."

"चेष्टा नको करूस."

"चेष्टा कुठे? मी दिवसभर भिंतींना प्लास्टिक पेंट फासतो. कोपरापर्यंत थर आहे माझ्या अंगावर. आता काय सोलतोस मला?" मग जरा वेळाने, शांतपणे, "आणि तू रे? दिवसभर फोम फाडतोस. नाकात फोम, कानात फोम, जेवणात फोम. ते चालतं. आणि संध्याकाळी दोन झुरके घ्यायचे, तर एवढं सोवळं!"

मला राग आला, कारण तो बरोबर बोलत होता. फोम फाडला नाही तर खाऊ काय? कामाचं मी काही करू शकत नव्हतो. निदान धूर तरी माझ्या हातात होता. पण हे असं नीट मला त्याला सांगता आलं नाही. मी म्हणालो, "तुला मरायचं असेल तर मर, मला नाही मरायचं." तो हसला. तेव्हा तरी हसला.

मग थंडी पडली.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. कापड सरळ उजेडात बघायचं नाही. खोलीतले दिवे घालवायचे आणि एकच दिवा बाजूने, कापडाला अगदी चिकटून धरायचा. आडव्या उजेडात सगळं उघडं पडतं. कुठे विरलंय, कुठे लव उलटी फिरलीय, कुठे गाठ आलीय. गिऱ्हाईक कितीही म्हणालं की नवंच आहे हो, दिवा आडवा धरला की त्याची बोलती बंद. हात इतका बसलाय माझा, की दुकानात कुणी आलं तर मी आधी त्याचं कापड बघतो, मग तोंड.

त्या संध्याकाळी रंगारी आला तो स्वेटर घालून. तपकिरी, कॉलरपाशी सैल झालेला, कोपरांवर गोळे आलेले. दर थंडीत तोच घालायचा. मी काडी ओढली, आणि काडीच्या उजेडात मला त्याच्या छातीवरून तंतू उडताना दिसले. एक थेट विडीकडे आला.

"थांब," मी म्हणालो. आतून कामाचा दिवा आणला. पत्र्याखालचा बल्ब घालवला आणि दिवा त्याच्या बाहीला आडवा धरला. "बघ. बघ हे. नुसतं जंगल उडतंय. लोकर नाहीये ही, लोकर असती तर हरकत नव्हती. हे सगळं प्लास्टिक आहे. हे तुझ्या बाहीवरून विडीवर, विडीवरून माझ्या छातीत. इतके दिवस मी बरण्या बदलतोय, खुर्च्या बदलतोय, आणि विष तू अंगावर घालून येतोयस!"

तिथेच मी थांबायला हवं होतं. पण माझा दिवा हातात असला की मला थांबता येत नाही.

"जाळून टाक हे. नाहीतर इथे येताना काढून ये."

स्वेटर त्याच्या बायकोने विणलेला होता. मला माहीत होतं. शेवटच्या आजारपणात, अंथरुणात बसून विणला होता तिने, आणि एक बाही दुसरीपेक्षा आखूड झाली होती, हे त्यानेच मला कधीतरी सांगितलं होतं. माहीत असून मला त्या क्षणी ते आठवलं नाही. मला कापड दिसत होतं, फक्त कापड.

त्याने माझ्या हातातला दिवा हळूच बाजूला केला, आखूड बाही मनगटापर्यंत ओढली आणि मागच्या दाराने निघून गेला. विडी लोखंडी खुर्चीवर तशीच जळत राहिली.

दुसऱ्या दिवशी आला नाही. मी म्हटलं, काम असेल. तिसऱ्या दिवशी म्हटलं, फुगलाय, फुगू दे, उतरेल. मग म्हणायचं सोडून दिलं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात. माझं उलटं झालं, खोकला तसाच राहिला आणि माणूस गेला.

मी रोज बसायचो. सगळं शुद्ध होतं आता. स्टील, काच, लोखंड, सुती सदरा. एक कण कुठे चुकला नसेल. वळायचो, दोन झुरके घ्यायचो आणि सवयीने हात डावीकडे पुढे करायचो. मग हात परत. एका माणसाला एक विडी फार होते, हे मला त्या थंडीत कळलं. अर्धी विझवून ठेवायचो आणि आत जाऊन फोमच्या ढिगाशी बसायचो. शेजारच्या भिंतीपलीकडे कुणीतरी भांडी घासायचं, त्याचा आवाज ऐकत राहायचो. भांडी संपली की वाईट वाटायचं. किती वेळा त्याच्या घराच्या वळणापर्यंत गेलो आणि परत आलो. काय म्हणणार होतो? चुकलं म्हणायला जीभ लागते, ती माझ्याकडे आहे, पण ती फक्त दुसऱ्याचं चुकलं म्हणायला वळते.

खोकला वाढला तसा दवाखाना गाठला. छातीची डॉक्टर, मला पोरगी असती तर तिच्या वयाची असेल, पण चेहरा हेडमास्तरचा. तिने फोटो उजेडावर धरला, मान हलवली, आणि म्हणाली, "नळी घालून आतून बघावं लागेल."

"प्लास्टिक दिसतंय का?"

"काय?"

"काही नाही."

"गुंगीचं औषध देऊ. सोबत माणूस लागेल. सही करायला आणि घरी न्यायला."

"मी रिक्षाने जाईन."

"सोबत माणूस असल्याशिवाय आम्ही करत नाही. कुणीही चालेल. घरातलं, शेजारचं, मित्र."

ती 'कुणीही चालेल' असं म्हणाली, जसं काही माझ्याकडे रांग लागली होती.

भावाला फोन केला. "दादा, आत्ता कसं जमणार रे," तो म्हणाला. मागे पोरांचा दंगा चालू होता. "इकडे हिची आई आलीय, पोरांच्या परीक्षा... तिथलंच कुणी बघ ना. इतकी वर्षं राहतोयस तिथे, एक माणूस नाही का तुझा?"

"आहे की," मी म्हणालो. "तसे खूप आहेत."

फोन ठेवला. छातीत काय आहे याची भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. मी मागच्या खोलीत मरून पडलो तर कळणार कुणाला? गिऱ्हाईक येईल, शटर ठोकेल, म्हणेल, मेला कुठे उलथलाय, आणि सोफा दुसरीकडे देईल. नाकापेक्षा मोती जड झालं होतं माझं. चार चिंध्यांचे तंतू मोजता मोजता मी दारात येणारा एकुलता एक माणूस झटकून टाकला होता.

रंगारी एका शाळेचा जिना रंगवत होता. शिडीवर होता, पाठमोरा. मी खाली उभा राहिलो. ब्रश वर जात होता, खाली येत होता. त्याला कळलं होतं मी आलोय, पण वळला नाही.

"नळी घालणार आहेत," मी म्हणालो. "छातीत."

ब्रश चालूच.

"सोबत माणूस लागतो म्हणे. नाहीतर करत नाहीत."

ब्रश थांबला. "कधी?"

"परवा. सकाळी."

"बरं."

"आणि त्या दिवशी मी जे..."

"ते राहू दे," तो वरूनच म्हणाला. रागाने नाही, पण असं, की पुढे बोलायची सोय नव्हती. "रंग ओला आहे, कठड्याला हात लावू नकोस."

परवा तो आला. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, जसं काही लग्नाला चाललाय. दवाखान्यात बाकावर आम्ही एक जागा सोडून बसलो. डॉक्टरने दोघांना आत बोलावलं, कागद पुढे ठेवला आणि मला विचारायला लागली. काम काय, धूळ किती, ओढता का, काय ओढता. मी सगळं सांगितलं. डॉक्टरपुढे लाज कसली?

"एकटेच ओढता?"

"नाही. आम्ही दोघं." मी रंगाऱ्याकडे बघितलं. त्याच्याबद्दल खरंच काळजी वाटली मला. "बाई, याला पण तपासा. जेवढं माझ्यात गेलंय तेवढं याच्यात. एकाच डबीतलं."

डॉक्टर त्याच्याकडे वळली. रंगारी जमिनीकडे बघत होता.

"मला नको," तो म्हणाला. "मी ओढत नाही."

"काय खोटं बोलतोस रे! इतकी वर्षं..."

"ओढत नाही मी." त्याने मान वर केली. "तोंडात घ्यायचो आणि सोडून द्यायचो. आत कधीच घेतला नाही. मला लहानपणापासून दमा आहे, बाई. एक झुरका आत गेला तर मी तिथेच आडवा."

डॉक्टरने काहीतरी लिहिलं आणि आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. मी बाहेर आलो तो तणतणतच.

"इतका माल फुकट घालवलास माझा! तोंडात घेऊन सोडायला काय, चूळ भरत होतास?"

"हळू बोल."

"मग घेत कशाला होतास? पहिल्याच दिवशी नाही म्हणायचंस!"

"नाही म्हणालो असतो तर तू काय म्हणाला असतास?" त्याने विचारलं.

मला माझंच उत्तर ऐकू आलं. बरं मग, जा, म्हणालो असतो. काम झालं, जा. आणि मागचं दार लावून घेतलं असतं.

"घरी जावंसं वाटत नव्हतं तेव्हा," तो म्हणाला. "तिची खाट तशीच होती. तू विडी पुढे केलीस. म्हटलं, ही संपेपर्यंत तरी बसता येईल."

मग माझं नाव पुकारलं. घशात काहीतरी कडू फवारलं, जीभ बधिर झाली, आणि मी बघत होतो की दाराच्या काचेतून तो दिसतोय का. दिसत होता. मग काही आठवत नाही.

जागा झालो तेव्हा डॉक्टर सांगत होती. भयंकर काही दिसलं नाही. आत सूज आहे, लाली आहे. फोमची धूळ आणि धूर, दोन्ही बाधतंय. कामावर तोंड बांधा, ओढणं बंद. मी बोबड्या जिभेने विचारलंच, प्लास्टिक किती? ती म्हणाली, ते या नळीतून कळत नाही. बधिरपणा जाईपर्यंत खाऊ-पिऊ नका, पाणीसुद्धा नाही, घशात जाईल.

रंगाऱ्याने मला घरी आणलं. शटर त्यानेच उघडलं. दुपार कलत होती. मागे पत्र्याखाली मला लोखंडी खुर्चीवर बसवलं, उशी आणून पाठीशी दिली आणि उभा राहिला, निघायच्या तयारीत.

"बस," मी म्हणालो.

"काय करू बसून?"

बरोबर होतं त्याचं. ओढायचं तर बंद. चहा टाकू म्हणावं तर घोटभर पाणी गिळायची मुभा नव्हती, आणि एकट्याने तो पिणार नाही, हे मला माहीत होतं. हातात द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

"काही नको करूस. नुसता बस."

तो बसला. खुर्चीच्या कडेला. मी बसलो होतोच. नुसतं बसायचं म्हणजे काय करायचं असतं, ते मला या वयातही माहीत नव्हतं. हात कुठे ठेवावेत कळेना. पलीकडे भांडी घासणंसुद्धा चालू नव्हतं. बराच वेळ गेला. मला वाटलं, आता हा उठेल, पॅन्ट झटकेल, आणि मग संपलं. जीभ जड होती, शब्द अडखळत होते, पण म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

"मला खरी भीती छातीची नव्हती रे," मी म्हणालो. "एकट्याने मरायची होती. ती बोलता येईना, म्हणून मी प्लास्टिकच्या मागे लागलो."

तो पत्र्याकडे बघत राहिला. मला वाटलं, माझं बोबडं बोलणं त्याला कळलं नसेल.

"मला पण तीच आहे," तो म्हणाला. "म्हणून तर यायचो."

'यायचो' म्हणाला, 'येतो' नाही. 'उद्या येशील का' हे माझ्या ओठांवर आलं होतं, ते मी तिथेच ठेवलं. तो उठला नव्हता एवढं खरं. मी त्याच्या उठण्याची वाट न बघता बसायचा प्रयत्न करत होतो.